एकेरी हाक

माझ्या लहानपणी आमच्या घरात चाक असलेली एकही वस्तू नव्हती. पाणी डोक्यावर यायचं, सरपण डोक्यावर यायचं आणि आजारी माणूस कोणाच्या तरी पाठीवर जायचा. मानोरा तालुक्याच्या पार टोकाला, जिथं वाशिम जिल्हा संपतो आणि यवतमाळ सुरू होतो, तिथल्या जंगलाला टेकून आमचं गाव आहे. गावाच्या कडेला आमची बौद्धवस्ती आणि वस्तीच्या कडेला आमचं घर. मागची भिंत संपली की साग सुरू.

मी चौथीत असताना वडील गेले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, आमच्याच शेजारच्या खोलीत राहायचे. दोन खोल्यांच्या मधे कुडाची भिंत होती. वडील गेल्यावर काही दिवसांनी मोठेबाबांनी ती भिंत कुऱ्हाडीनं पाडली. माय म्हणाली, "भाऊजी, हे काय करून राह्यले?" तर म्हणाले, "आता एकच धूर." त्या दिवसापासून माझी माय, मोठीमाय, मोठेबाबा आणि मी, एका चुलीवर. मोठेबाबांना लेकरू नव्हतं. मग मीच झालो.

जमीन नव्हती, म्हणून रान हेच वावर. पानगळ झाली की धावड्याचा डिंक, मग मोहफुलं, मग तेंदूपत्ता, आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात निंदण. निंदणही मिळालं नाही तर तरोटा. तरोटा म्हणजे उकिरड्यावर उगवणारी पालेभाजी. एक अख्खा श्रावण आम्ही तरोटा आणि ज्वारीच्या कण्या खाऊन काढला. आज कोणी शहरातली माणसं रानभाजी म्हणून कौतुकानं ती ताटात वाढून घेतात. माझ्या घशाखाली ती उतरत नाही.

मोठेबाबा डिंकाचं गाठोडं डोक्यावर घेऊन जंगलातून पायी दिग्रसला जायचे आणि येताना मीठ, तेल आणि माझ्या वह्या आणायचे. मी शिकलो ते धावड्याच्या डिंकावर. मानोऱ्याला वसतिगृहात राहून बारावी केली, मंगरूळपीरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे. हे मी कुठंही सांगतो. कोणाला फुशारकी वाटत असेल तर त्यानं एकदा तरोटा खाऊन परीक्षेला बसून पाहावं.

नोकरी लागली ती कंत्राटी. आजूबाजूच्या उपकेंद्रांमधून रक्ताचे आणि थुंकीचे नमुने गोळा करायचे, बर्फाच्या डब्यात ठेवायचे आणि मोटारसायकलवरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे. त्यासाठी मी जुनी गाडी घेतली. आमच्या घरात आलेलं पहिलं चाक ते. मोठीमायनं तिला हळद लावली. मोठेबाबांनी सीटवर हात ठेवला आणि विचारलं, "हे रानात चालीन का?"

माझा लहानपणचा मित्र जेसीबी चालवतो. त्यानं वस्तीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बी.एस्सी. झाला गडी आन् थुका वाहून राह्यला."

"तू माती वाहते," मी म्हणालो.

"मातीले वास नाई येत, लेका."

ती गाडी रानात चालली. दोन वर्षांत या भागातली एकही कच्ची वाट तिनं तुडवायची राहिली नाही. त्यातली एक वाट बरोबर जिल्ह्याच्या शिवेवरून जाते. डावी चाकोरी वाशिमची, उजवी यवतमाळची, असं आम्ही म्हणतो. म्हणून ती कोणीच दुरुस्त करत नाही. मधल्या उंचवट्यावर गुडघाभर गवत, दोन्ही बाजूला साग, आणि फोनला कधी इकडचा टॉवर सापडतो तर कधी कोणताच नाही. पानगळीत तिथं गाडी चालवणं म्हणजे आंधळ्यानं चालणं. सागाची पानं सुपाएवढी. ती चाकोरीवर अशी अंथरतात की खाली दगड आहे की खड्डा, ते चाक आत गेल्यावरच कळतं. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, फरफटत जायचं.

आणि मधेच गाडी बंद केली की जे ऐकू येतं, ते मी कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. आधी तापलेलं इंजिन टिकटिक करतं. मग तेही थांबतं. मग पानं पडायला लागतात. सागाचं वाळलेलं पान गळतं तेव्हा वरून खाली फांद्यांना आपटत येतं आणि जमिनीवर टेकतं ते पाऊल टेकल्यासारखं. एक पाऊल. थोडा वेळ काही नाही. मग दुसरं, जरा जवळ. भर दुपारी, लख्ख उन्हात. वळून पाहिलं तर पान.

मोठेबाबांचे रानाचे काही नियम होते आणि ते मला चालता यायला लागल्यापासून शिकवलेले. त्यातला पहिला हाकेचा. रानात माणूस माणसाला हाक मारतो ती एका जागी उभं राहून, तीनदा. तिसरी झाली की ओ द्यायची. एकच हाक आली तर गप बसायचं, मग ती आईच्या आवाजात का असेना. कारण एकेरी हाक चकव्याची. चकवा म्हणजे वाट चुकवणारं, उलट्या पावलांचं भूत. तो आपल्याच माणसाचा आवाज काढतो, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि ओ दिली की माणूस त्याच्या मागं फिरत राहतो, पार मरेपर्यंत.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांच्याशी वाद घालायचो.

"मोठेबाबा, तुमी विहारात जाता, देव मानत नाई. मंग चकवा कसा मानता?"

"चकवा देव थोडीच हाय?"

"पन मंग तो हाय कोन?"

"ते त्याले इचार. म्या कायले इचारू?"

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी ते नेहमीसारखे डिंकाला गेले. पहाटे भाकर बांधून घेतली, पाण्याची बाटली, लहान कुऱ्हाड, पिशवी. साठीच्या वर वय, पण धावड्यावर अजून चढायचे. मी ओरडायचो, ते ऐकून घ्यायचे आणि चढायचे. दिवस मावळला तरी आले नाहीत. मोठीमायला वाटलं दिग्रसकडं गेले असतील, तिकडं तिची बहीण आहे, कधी कधी मुक्काम करतात. सकाळी बहिणीला फोन लागला. ते तिकडं गेलेच नव्हते.

मी डबा प्रयोगशाळेत देऊन परतत होतो तेव्हा मायचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "घरी ये. मोठेबाबा रानातच हायेत." तिनं 'हरवले' हा शब्द उच्चारला नाही.

दुपार व्हायच्या आत वस्तीतल्या आणि गावातल्या सात-आठ मोटारसायकली जमल्या. पोलिसांना कळवलं, वनरक्षकाला कळवलं; तो बिचारा स्वतःच्या गाडीवर आमच्यासोबत आला. रान मोठं आणि माणसं थोडी, म्हणून आम्ही वाटा वाटून घेतल्या. पद्धत सगळ्यांची एकच ठरली. थोडं अंतर गाडी चालवायची, बंद करायची, 'मोठेबाबाऽऽ' अशी हाक द्यायची, कान देऊन ऐकायचं, आणि पुढं निघायचं. वस्तीतली सगळी पोरं त्यांना मोठेबाबाच म्हणतात.

मित्र माझ्या मागं बसला होता. जेसीबीचं काम टाकून आला होता. 

मी पहिल्यांदा गाडी बंद करून हाक दिली, तेव्हा ती समोरच्या टेकडीवर आपटून परत आली. आपलाच आवाज, पण जरासा जुना झाल्यासारखा. मग शांतता. दूर कुठं तरी दुसऱ्या गाडीचं इंजिन घुरघुरलं, ते डावीकडं होतं की उजवीकडं ते कळेना. त्या टेकड्यांमध्ये आवाज फिरतो. मग कोणाची तरी हाक, 'मोठेबाबाऽऽ', तीही एकदाच. आमच्यापैकीच कोणी तरी, हे माहीत असूनही माझ्या मानेवर काटा आला. दुसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या शांततेत पुन्हा आवाज टाकायची छाती होत नव्हती. मी किक मारली. इंजिनाच्या आवाजात जीव जरा बरा राहायचा.

"पानी किती नेलं होतं?" मित्रानं विचारलं.

"एक बाटली."

"बाटलीत किती दिवस निघते माणूस?"

 ऊन तापायला लागलं होतं. दोघांच्याही डोक्यात तेच चाललं होतं.

दिवस कलायला आला तेव्हा वनरक्षकाची शिटी ऐकू आली. तो एका जुन्या धावड्याखाली उभा होता. बुंध्याशी मोठेबाबांची कुऱ्हाड, डिंकाची पिशवी आणि एक चप्पल. वर मोडलेली फांदी, ताजी. म्हणजे पडले. आणि तिथून, वाटेच्या उलट दिशेनं, पानांमधून एक पट्टा गेला होता. पोत्याएवढा रुंद. पानं बाजूला सरकलेली, खालची माती उघडी पडलेली. काहीतरी जड ओढत नेलेलं.

 आम्ही त्या पट्ट्याच्या मागं गेलो. तो पुढं उघड्या खडकावर चढला आणि तिथं संपला. खडकाच्या खाली नाला, काटेरी झुडपं, अंधारत चाललेलं रान.

"बिबट," गावातला एक म्हातारा हळूच म्हणाला.

"रगत नाई," मी म्हणालो.

"मान धरली त रगत नाई सांडत, बाबू."

वनरक्षकानं मान हलवली नाही, पण नाकारलंही नाही. त्यानं चप्पल उचलून माझ्या हातात दिली. अंधारात खाली उतरणं धोक्याचं, उद्या जास्त माणसं आणू, असं ठरलं. परतताना सगळ्या गाड्या एकमेकांना धरून चालल्या. मधे कोणी हाक दिली नाही. हाक द्यायची कोणाला, असंच सगळ्यांनी मनाशी धरलं असावं.

चप्पल मी डिक्कीत लपवली. मोठीमाय दारात उभी होती. मी म्हणालो, "कुऱ्हाड सापडली. म्हंजे जवळच हायेत." तिनं कुऱ्हाड घेतली, पदरानं पुसली आणि चुलीमागं ठेवली, रोज ठेवते तशी.

सकाळी गाड्या कमी आल्या. जे आले त्यांच्याकडं काठ्या आणि एक जुनी चादर होती. चादर कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. बिबट ओढत वर कपारीकडंच नेणार असं धरून ते नाल्याच्या वरच्या अंगानं शोधायला गेले. मला ती चादर पाहवेना. मी मित्राला म्हणालो, "चाल, आपुन शिवेच्या पलीकून घुसू. खालून नाला जिकडं निघते तिकून."

"तुले काय वाटते?"

"रगत नव्हतं," मी पुन्हा म्हणालो. माझ्याजवळ तेवढाच एक पुरावा होता.

शिवेच्या वाटेनं मोठा वळसा घेऊन आम्ही यवतमाळच्या बाजूला उतरलो. रस्ता म्हणावा असा नव्हताच. एका जागी चाक फुफाट्यात रुतलं, आम्ही दोघांनी गाडी उचलून बाहेर काढली. मी वाटेत हाका देतच होतो. थांबायचं, एक हाक, पुढं. पळसाला फुलं आली होती आणि पान एक नाही. सगळं रान वाळलेलं आणि मधेच तो लाल रंग. एकदा माझ्या हाकेनंतर जवळच पानं करकरली. आम्ही दोघंही त्या बाजूला धावलो. एक रोही, म्हणजे नीलगाय, उभी होती, घोड्याएवढी. तिनं आमच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि निघून गेली.

बारा वाजायच्या सुमारास आमचं पाणी संपलं. जवळ एक लहान तांडा आहे. पोचलो तर माणूस दिसेना. अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला, दारांना कुलपं आणि कुलपांवर बाभळीच्या काट्या. हे दर साली असतं, मला माहीत होतं. पण ज्या घरांना कुलपं नव्हती त्यांचीही दारं आतून लावलेली होती. भर दुपारी. कोंबड्याही झाकून ठेवलेल्या. मी गाडी बंद केली तसं एका घरातलं खुसपुसणं थांबलं.

"याडी," मी आवाज दिला. तांड्यावरच्या म्हातारीला आम्ही तिच्याच बोलीत याडी म्हणतो, म्हणजे आई. "पानी पायजे होतं."

बराच वेळ काही नाही. मी पुन्हा म्हणालो, "याडी, पानी." आणि पुन्हा. तेव्हा कडी निघाली. एक म्हातारी बाहेर आली, हातात लोटा. तिनं लोटा माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

"कोन्या गावचा रे?"

मी गाव सांगितलं.

"जंगलातून आला? गाडी घेऊन?"

"हो."

"आवाज आयकला का मंग?"

"कोनता आवाज?"

तिनं जंगलाकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "कालपासून फिरून राह्यला. मोठेबाबा, मोठेबाबा करते. एकडाव टेकडीवरून, एकडाव खोऱ्यातून. एकच हाक मारते न् गप होते. मंग घडीभरानं दुसऱ्या अंगानं. आमी दारं लावून घेतले. लेकरं बाहीर नाई सोडले. आता सकाळपासून इकडं याले लागला. थोड्या टाइमापयले तं पार पांदीपाशी होता."

मित्रानं लोटा तोंडाला लावलेला, तो तसाच राहिला.

मी म्हणालो, "याडी, तो मी होतो."

ती माझ्या तोंडाकडं पाहत नव्हती. माझ्या पायांकडं पाहत होती. मी गाडी चालवताना घोट्याच्या वर येणारे बूट घालतो. तिनं एक पाऊल मागं घेतलं, मग दुसरं, आणि दाराची कडी आतून लागली.

त्या उन्हात मी उभा राहिलो आणि मला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसली. पडलेला माणूस. पाय मोडलेला. आणि मग रानात आवाज सुरू होतात, त्याचंच नाव, त्याच्याच पोराच्या आवाजात, एकदा इकडून, एकदा तिकडून. एकेरी. त्यानं आयुष्यभर मला जे शिकवलं, तेच चारी बाजूंनी त्याच्यावर चालून आलेलं. तो पट्टा वाटेपासून उलट दिशेनं गेला होता. त्यांना कोणी ओढलं नव्हतं. ते स्वतःच सरपटत गेले होते. आमच्यापासून लांब.

"काय झालं बे?" मित्र म्हणाला.

"आपुनच चकवा झालो," मी म्हणालो. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं लोटा खाली ठेवला आणि गाडीवर बसला.

नाल्याचं तोंड त्या तांड्यापासून लांब नाही. आम्ही गाडी कोरड्या पात्रातून वर घेतली, जिथवर चाक चाललं तिथवर. मग ती उभी केली आणि पायी निघालो. खडकाची ती कड वर दिसायला लागली तेव्हा थांबलो. करवंदीच्या जाळ्या, गोटे, आणि दोन्ही काठांवरून सावकाश पडणारी पानं. पाऊल. पाऊल. मी एका गोट्यावर उभा राहिलो. मला भीती वाटत होती, हे लिहायला लाज नाही. ओ आली नाही तर काय, ही एक. आणि आली तर काय, हीसुद्धा.

"मोठेबाबाऽऽ."

मी तिथून हललो नाही. त्यांनीच शिकवल्याप्रमाणं पूर्ण श्वास घेतला.

"मोठेबाबाऽऽ."

काही नाही. मित्रानं माझं मनगट धरलं होतं. 

"मोठेबाबाऽऽ."

"ओ."

ती इतक्या जवळून आली की मी मागं सरलो. ओरडून दिलेली नव्हती. कोणी शेजारी बसून द्यावी तशी, पलीकडच्याच जाळीतून. आदल्या दिवशी आम्ही खडकावर उभे होतो, ती जागा वर दिसत होती. ते आमचं बोलणं ऐकत असणार.

जाळीच्या आडोशाला, काठ आतून कोरला गेलाय तिथं ते पाठ टेकून बसले होते. डावा पाय सुजून वेडावाकडा. बाजूला वाळूत हातानं उकरलेला झिरा, त्यात तळहाताएवढं गढूळ पाणी. म्हणून जगले. मी पुढं झालो, तर त्यांनी हात आडवा केला.

"बूट काढ."

"मोठेबाबा, म्या हाव."

"बूट काढ पयले. पाय दिसू दे."

मी बूट काढले.

"मोजेबी."

मोजेही काढले. त्यांनी माझी पावलं नीट पाहिली, टाचा मागं आहेत आणि बोटं पुढं. मग माझ्या मित्राकडं बोट केलं.

"माह्ये तं उघडेच हायेत, मोठेबाबा," तो म्हणाला, आणि चप्पल काढून एक एक पाय वर करून दाखवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पाय दाखवत होता.

तेव्हा मोठेबाबांनी हात खाली घेतला. गळ्यात त्यांचा दुपट्टा होता, एक टोक चावून चावून चिंध्या झालेलं.

"आवाज तुह्याच होता," ते म्हणाले. "कालपासून. म्या तोंडात दुपट्टा कोंबला. ओ निघून जाईन म्हनून. लय डाव निघत होती."

"गाड्यांचा आवाज नाई आला का मंग?"

"आला नं. चारी अंगानं ये. म्हटलं, आता चकवाबी गाडी घेऊन फिरते."

मित्र हसला आणि मग त्याला थांबता येईना. मोठेबाबा त्याच्याकडं रागानं पाहत राहिले.

बांबूच्या दोन चिपा करून आम्ही पाय बांधला. गाडी होती तिथवर त्यांना मित्रानं पाठीवर घेतलं. फोनला टॉवर नव्हता. मधे मोठेबाबा, मागून मित्र त्यांना आवळून धरलेला, पुढं मी. शिवेच्या वाटेनं दिग्रसकडं निघालो. वाट चढाची, पहिला गिअर, चाकोरीतली पानं. प्रत्येक गोट्यावर मोठेबाबांच्या तोंडातून आवाज निघायचा आणि त्यांच्या हाताची मूठ माझ्या शर्टात आवळायची.

चढ संपला तिथं इंजिन फार तापलं म्हणून मी जरा वेळ बंद केलं. टिकटिक झाली, थांबली. आणि मागं, आम्ही आलो त्या नाल्याच्या बाजूला, कोणीतरी हाक दिली.

"मोठेबाबाऽऽ."

एकदाच.

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. चादर घेऊन गेलेली माणसं नाल्याच्या वरच्या अंगाला होती, जंगलाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही वाट पाहिली. दुसरी हाक आली नाही. माझ्या पाठीवरची मूठ घट्ट झाली.

"ओ देऊ नोको," मोठेबाबा म्हणाले.

मी दिली नाही. मी किक मारली.

नंतर मी शोधायला आलेल्या एकेकाला विचारलं, त्या वेळी तू कुठं होतास. खालच्या नाल्याकडं आमच्यापैकी कोणीच आलं नव्हतं, असं सगळे सांगतात. कोणी तरी विसरत असेल. टेकड्यांमध्ये आवाज फिरतो, हे मी वर लिहिलंच आहे. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे, कारण शोधतो. याचं मला सापडलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिलं.

दिग्रसला पायाला प्लास्टर झालं, मग यवतमाळला नेऊन सळई टाकली. डॉक्टरांशी मी बोललो, कागद मी वाचले, रात्री दवाखान्यात मीच थांबलो. पाय थोडा आखूड राहिला. ते आता झाडावर चढत नाहीत, काठी घेऊन विहारापर्यंत जातात आणि परत येतात. मोठीमाय त्यांच्याशी भांडते, माय मधे पडते, एकाच चुलीवर चौघांचा स्वयंपाक होतो.

आमचा माणूस आम्ही जिवंत घरी आणला.